विधी महाविद्यालयातील मोफत मदत कशी घ्यावी

महाविद्यालयाच्या विधी साहाय्य केंद्रात जाताना नोटीस, तिचे पाकीट आणि सर्व कागदपत्रांच्या झेरॉक्स प्रती न्याव्यात. नोटीस केव्हा आली याचा पुरावा पाकिटावरील शिक्क्यातून मिळू शकतो, म्हणून ते फेकू नये. मूळ कागद दाखवावेत, पण तेथे ठेवू नयेत. विद्यार्थी प्राध्यापकांच्या देखरेखीखाली अर्ज लिहून देतात, परंतु न्यायालयात वकिली करू शकत नाहीत. वकील हवा असल्यास त्यांच्याच मदतीने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार मोफत वकील मिळण्यासाठी स्त्रिया, मुले, दिव्यांग, कोठडीतील व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अट नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कित्येक बायाबापड्या उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तहसील कार्यालयात विनाकारण खेटे घालतात, याचे फार वाईट वाटते. केंद्र बंद असल्यास १५१०० या विधी साहाय्याच्या हेल्पलाइन क्रमांकावर फोन करावा.