हिरव्या डोळ्याचे रेडिओ: मॅजिक आय कसे जमवायचे आणि त्यांचा इतिहास कसा काढायचा

मॅजिक आय म्हणजे जुन्या रेडिओतली, स्टेशन नीट लागलं का ते हिरव्या उजेडानं दाखवणारी काचेची नळी. आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यात असा जुना व्हॉल्व्ह रेडिओ, म्हणजे काचेच्या नळ्यांवर चालणारा, शोधायचा तर उन्हाळ्यात शोधावा. घरकुल मंजूर झालं की पावसाळ्याच्या आत मातीचं घर पाडायला काढतात. माळा खाली होतो, आणि कणग्या, मोडका पाळणा, गंजलेल्या पेट्या यांच्यासोबत रेडिओही अंगणात येतो. तिथून तो भंगारवाल्याच्या ठेल्यावर जायला वेळ लागत नाही. घर पाडणार अशी कुणकुण लागली की लगेच जाऊन यावं. "मॅजिक आय आहे का?" असं विचारून उपयोग नाही. "आजी, हिरवा दिवा लागणारा रेडिओ होता काय तुमच्याकडं?" असं विचारा. मग उत्तर येतं, "हाव ना बाप्पा, पण त्याचा डोळा गेला आता."

डोळा गेलेला असला तरी घ्या. आणि रेडिओला हात लावायच्या आधी वही काढा. हा सेट कोणी आणला, कुठून आणला, तेव्हा घरात वीज होती का, कोणत्या खोलीत ठेवला होता, हे सगळं तिथंच, आजीसमोर बसून लिहा. नळी पुढं किती वर्षंही टिकेल. आजीची आठवण तशी टिकत नाही. किमतीबद्दलही सरळ बोलावं. भंगाराच्या वजनापेक्षा जास्त द्यावं, कशासाठी नेतो ते सांगावं. आणि चालू रेडिओतून डोळा कधीही उपटून नेऊ नये. तो सेट पूर्णच ठेवावा, याबाबत मी कोणाचं ऐकत नाही.

ज्यांनी हा डोळा पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. डायलजवळ काचेची एक छोटी नळी असते. तिच्या आतल्या पट्टीवर झिंक सिलिकेटचा लेप असतो आणि तापलेल्या कॅथोडमधून (ऋण टोकातून) निघालेले इलेक्ट्रॉन त्यावर आदळले की तो हिरवा उजळतो. स्टेशन जसं नीट लागतं तसा सिग्नलचा दाब (व्होल्टेज) बदलतो आणि मधली काळी सावली आकसत जाते. सावली सगळ्यात बारीक झाली की काटा बरोबर जागेवर आला. अमेरिकेत ॲलन ड्युमॉंट यांनी १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ही कल्पना बसवली, आणि १९३५ मध्ये आरसीए कंपनीनं ६ई५ ही नळी बाजारात आणली. आमच्याकडं त्या सावलीचा उपयोग आकाशवाणी नागपूर नेमकं लावायला व्हायचा. ते केंद्र १६ जुलै १९४८ ला सुरू झालं.

नळी हातात आली की फडक्यानं पुसायची नाही. काचेवरची छपाई अंगठ्यानंसुद्धा निघून जाते आणि मग ती कोणाची, कुठली, काही कळत नाही. अक्षरं पुसट असतील तर काचेवर हळूच तोंडाची वाफ सोडा आणि दिव्यासमोर तिरपी धरा. क्षणभर अक्षरं दिसतात. तेवढ्यात फोटो काढायचा. मग आत आरशासारखा चंदेरी डाग शोधा. तो गेटर. चंदेरी असेल तर आत निर्वात आहे. दुधासारखा पांढरा झाला असेल तर हवा शिरली, नळी संपली. हीटर, म्हणजे आत तापणारी तार, पाहायला ईएम ८० किंवा ईएम ८४ (ही डोळ्याच्या नळ्यांची मॉडेलं) च्या नऊ पिनांमधल्या ४ आणि ५ वर मल्टिमीटर लावा. काही ओहम दाखवले म्हणजे तार शाबूत आहे.

आता इतिहास. युरोपियन पद्धतीच्या नावातलं दुसरं अक्षर 'एम' म्हणजे ट्यूनिंग दाखवणारी नळी. खरी गंमत पहिल्या अक्षरात आहे. 'ई' म्हणजे ६.३ व्होल्टचा हीटर, हा बहुतेक ट्रान्सफॉर्मरवाल्या सेटचा. 'यू' म्हणजे १०० मिलिअँपिअरचा हीटर, सगळ्या नळ्या एका माळेत. असा सेट एसी आणि डीसी दोन्हींवर चाले. 'डी' म्हणजे १.४ व्होल्ट, बॅटरीवरचा. डीएम ७० असलेला सेट एखाद्या गावात सापडला, तर तो घेतला तेव्हा त्या घरी तार पोचली नसावी. मग आजीला विचारा, खांब कधी आले? दोन गोष्टी एकमेकींना दुजोरा देतात की नाही ते ताडून पाहणं हेच या छंदातलं सगळ्यात मोठं सुख आहे, असं मला वाटतं.

फिलिप्सच्या घराण्यातल्या नळ्यांवर खाली काचेत कोरलेले बारीक कोड असतात. दुसऱ्या ओळीत आधी कारखाना: त्रिकोण असेल तर नेदरलँड्समधलं हेरलेन, 'बी' असेल तर इंग्लंडमधलं ब्लॅकबर्न, 'डी' असेल तर जर्मनीतलं हॅम्बुर्ग. पुढं वर्षाचा शेवटचा अंक, मग महिन्याचं अक्षर, जानेवारीसाठी 'ए'. अंक एकच असल्यानं दशक मात्र दुसरीकडून काढावं लागतं. भारत इलेक्ट्रॉनिक्स ही सरकारी कंपनी १९५४ मध्ये बंगळुरूत स्थापन झाली आणि रेडिओचे व्हॉल्व्ह तिनं १९६१ पासून बनवायला घेतले. तिचा शिक्का असलेला व्हॉल्व्ह त्याआधीचा नाही, एवढं पक्कं. डोळा बदललेला असू शकतो, म्हणून सेटमधल्या सगळ्या नळ्यांचे कोड लिहा. जो एकटा वेगळा निघतो तो बहुधा नंतर टाकलेला.

दशक काढायला रेडिओचं लायसन फार कामाचं. पूर्वी ते पोस्टातून काढावं लागे. १९८० च्या दशकात ती भानगड संपली. पुष्कळ घरांत ते पुस्तक अजून सातबाऱ्याच्या पिशवीत असतं. त्यावरचे पोस्टाचे शिक्के वाचून घ्या. दुसरी जागा म्हणजे जुन्या मेकॅनिकची वही. आमच्या मामाजींचं दुकान होतं. त्यांच्या रिपेअरीच्या वहीत गावाचं नाव, सेटचं मॉडेल आणि "डोळा मंद, नवा टाकला" अशा नोंदी आहेत. मामाजी गेले, पण त्या वहीमुळं मला अजूनही एखाद्या गावात कोणत्या घरी जायचं ते कळतं. पुलगाव, धामणगाव, चांदूरकडं असे म्हातारे मेकॅनिक असतील तर त्यांच्याजवळ जाऊन बसा.

रेडिओ आणल्या आणल्या प्लगमध्ये घालू नका. आधी १०० वॉटचा तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावा, म्हणजे रेडिओची वीज बल्बातून जाईल असा. बल्ब ढणढण पेटलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. जुने कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारे भाग) बदलल्याशिवाय सेट पूर्ण दाबावर चालवू नये. 'यू' मालिकेच्या सेटमध्ये चेसिस, म्हणजे आतला लोखंडी सांगाडा, सरळ मेनला जोडलेली असू शकते, लोखंडाला बोट लावलं तरी जीव जाऊ शकतो. सेट बंद केला तरी कंडेन्सरमध्ये दाब राहतो. तो रेझिस्टन्स लावून उतरवायचा, स्क्रूड्रायव्हरनं ठिणगी पाडून नाही. घरात लेकरं असतील तर हे काम खोलीचं दार लावून करा.

ठेवायला मी थर्माकोलच्या पाटीत पिना रोवून ठेवते, सोबत बुटाच्या डब्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या. श्रावणात पिनांवर गंज चढतो तो त्यानं थांबतो.

आता दुसऱ्या जातीच्या नळ्या: आकडे उजळवून दाखवणाऱ्या निक्सी. त्या खेड्यात मिळत नाहीत. त्या कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या काउंटरमध्ये असतात, म्हणून निर्लेखनाच्या लिलावावर लक्ष ठेवावं. बरोज कंपनीनं त्या १९५५ मध्ये आणल्या. आत आकड्यांच्या आकाराच्या तारा एकामागे एक, भोवती निऑन, हीटर नाहीच. पेटायला साधारण १७० व्होल्ट लागतात आणि ॲनोडला (धन टोकाला) रेझिस्टन्स लावल्याशिवाय जोडायची नाही. सोव्हिएत आयएन १२ लगेच ओळखू येते, तिच्यातला ५ म्हणजे उलटा केलेला २ असतो. पुष्कळ निक्सींमध्ये किंचित पारा असतो. फुटली तर खिडक्या उघडा, झाडू मारू नका, तुकडे जाड कागदानं उचलून झाकणाच्या बरणीत भरा.