सॅम्पल साइझ: सिनॉप्सिस देण्याआधी

थीसिसच्या सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे आराखड्यात, किती जणांचा अभ्यास करणार हा आकडा (सॅम्पल साइझ) द्यावा लागतो. त्यासाठी आधी एक वाक्य लिहा: नेमकं काय मोजायचंय? ‘रक्तक्षयाचा अभ्यास’ चालणार नाही. किती टक्के बायकांना रक्तक्षय आहे, हा एक प्रश्न. एका गोळीपेक्षा दुसरीने हिमोग्लोबिन जास्त वाढतं का, हा दुसरा. दोन्हींचं गणित वेगळं, त्यामुळे सिनियरच्या थीसिसमधला आकडा उचलू नका.

टक्केवारी हवी असेल तर आपलं नेहमीचं ‘चार पीक्यू भागिले एल वर्ग’: पी म्हणजे अपेक्षित टक्केवारी, क्यू म्हणजे १०० वजा पी, एल म्हणजे दोन्ही बाजूंना चालेल तेवढी चूक. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के बायकांना रक्तक्षय निघाला. पी तोच धरा. एल ५ म्हणजे ४९ ते ५९, हे स्पष्ट लिहा, उत्तर ३९८. एल पीच्या ५ टक्के, म्हणजे २.७, धरलात तर १३६३ होतात, आणि व्हायवात हमखास इथेच पकडतात. घरं गावनिहाय घेणार असाल तर डिझाइन इफेक्ट लावा, म्हणजे आकडा तेवढ्या पटीने वाढवा. एका गावातल्या बायकांचा आहार, पाणी, दवाखाना सारखाच, म्हणून दोन धरला तर ७९६. शक्य तर गावं वाढवा, दर गावातल्या बायका कमी करा. दहा टक्के भेटणार नाहीत म्हणून ८० मिळवू नका, ०.९ ने भागा, ८८५ येतात. लावणीच्या दिवसांत दुपारी घरी कोणी नसतं, तेव्हा भेटी संध्याकाळी ठेवा.

दोन गोळ्यांची तुलना असेल तर कामाला येईल असा किमान फरक आधी ठरवा. ओपीडीत मिळतील तेवढे पेशंट धरून फरक उलटा काढणं म्हणजे शुद्ध फसवणूक. स्टँडर्ड डेव्हिएशन (आकड्यांचा पसारा) १.५ ग्रॅम, फरक अर्धा ग्रॅम, पॉवर (खरा फरक असेल तर तो सापडण्याची शक्यता) ८० टक्के: दर गटात साधारण १४४. फरक पाव ग्रॅम केला की ५७६! इथे पेशंट वाढवण्याआधी मोजमाप सुधारा. यंत्र एकच, टेक्निशियन शक्यतो एकच. प्रत्येकीचं सुरुवातीचं हिमोग्लोबिन नोंदवा. त्याचा शेवटच्या आकड्याशी सहसंबंध ०.७ असेल आणि विश्लेषणात ते धरलं, तर १४४ च्या जागी ७४ पुरतात. मधेच सोडून जाणाऱ्यांची गळती वेगळी धरा.

पायलट, म्हणजे छोटा पूर्वअभ्यास, घ्याच, पण वीस जणींवरून काढलेल्या स्टँडर्ड डेव्हिएशनवर फार विसंबू नका, थोडं वरचं धरा. मधेच निकाल बघायचा असेल तर कधी आणि कुठल्या नियमाने, ते प्रोटोकॉलमध्ये लिहा. ट्रायल असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी आणि सीटीआरआयची (देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सच्या नोंदवहीतली) नोंदणी पहिल्या पेशंटच्या आधी. तिथे टाकलेला आकडा आणि सिनॉप्सिसमधला आकडा एकच आहे ना, तेवढं पाहून गाईडची सही घ्या.