गाडीत वाऱ्याचा आवाज येतोय? डॅम्पिंग शीट लावण्याआधी या चुका टाळा

मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर काटा ऐंशीच्या पुढे गेला की माझ्या गाडीत डाव्या बाजूने बारीक शिट्टी सुरू व्हायची. शेजारी बसलेली आई काच पुन्हा पुन्हा वर करून बघायची. काच तर पूर्ण बंद. ॲक्सेसरीच्या दुकानात सांगितलं, "चारही दरवाज्यांना डॅम्पिंग शीट, म्हणजे पत्र्याला आतून चिकटवायचा जाड थर, मारून घ्या, गाडी शांत होईल." मारून घेतली. दरवाजा लावताना छान भरीव आवाज यायला लागला, शिट्टी मात्र जशीच्या तशी. शेवटी ती सापडली आरशाच्या बुडाशी: बाहेरच्या त्रिकोणी प्लास्टिकची एक क्लिप निघाली होती आणि तिथे नख जाईल एवढी फट पडली होती. क्लिप दाबून बसवली आणि शिट्टी थांबली.

शीट वाईट नाही, पण तिचं काम पत्र्याची थरथर कमी करणं. फटीतून शिरणारी किंवा फटीवरून घासत जाणारी हवा ती अडवत नाही. म्हणून पहिली आणि सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे आवाज कुठून येतो हे न शोधता खर्च सुरू करणं.

मुळात आवाज वाऱ्याचाच आहे का, ते बघा. समृद्धी महामार्गासारख्या काँक्रीटच्या रस्त्यावर टायरच एवढे घुमतात की तोच वारा वाटतो. डांबरी पट्टा लागताच आवाज बदलला तर तो टायरचा. रस्ता तोच असताना बाजूने वारा आला किंवा ट्रकला ओलांडताना आवाज बदलला, तर वाऱ्याचा. वळणावर घुमणं कमी-जास्त होत असेल तर व्हील बेअरिंगची शंका घ्या आणि गाडी लगेच मेकॅनिकला दाखवा. एसीची हवा बाहेरून घ्यायची सोय चालू असेल तर ती बंद करूनही एकदा ऐका.

गल्लीत चाळीसच्या वेगाने फिरून काही कळत नाही. वाऱ्याचा आवाज वेगाबरोबर फार झपाट्याने चढतो. साठवरून एकशेवीसवर जाताना तो ढोबळमानाने 18 डेसिबलने वाढतो. त्यामुळे चाचणी मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादेच्या आत आणि सोबत कुणीतरी असतानाच करा. चालवणाऱ्याने फक्त चालवायचं, कान लावायचं काम दुसऱ्याचं.

आता खरी युक्ती. रंगकामाची कागदी मास्किंग टेप आणा. आरशाचं बूड, पुढच्या दरवाज्याची पुढची आणि वरची फट, पुढच्या काचेची कड, टपावरची पट्टी असं सगळं बाहेरून झाका. ही टेप सहज फाटते, त्यामुळे दरवाजा अडकत नाही. एक फेरी मारा. आवाज गेला असेल तर एकेका जागेची टेप काढत पुन्हा फेऱ्या मारा. जी काढल्यावर शिट्टी परत येते, तीच जागा. तासभर जातो, पण यापेक्षा भरवशाची तपासणी मला घरी करता आलेली नाही. टेप उन्हात दिवसभर ठेवू नका, गोंद रंगावर बसतो.

जागा दरवाज्याची निघाली तर दहाची जुनी नोट रबरावर धरून दरवाजा लावा आणि नोट हळूच ओढा. सगळीकडे सारखी घट्ट लागली पाहिजे. जिथे सैल सरकते तिथे रबर दबलंय किंवा दरवाजा नीट बसत नाही.

इथे लोक घाईने बाजारातली जाड चिकट रबरपट्टी चारही बाजूंनी लावतात. पट्टी जास्त जाड झाली की दरवाजा पूर्ण आत बसत नाही, वरची कड बाहेर राहते आणि आवाज उलट वाढतो. आधी मूळ रबर शाम्पूच्या पाण्याने पुसा, वाळवा आणि सिलिकॉन ग्रीसचा पातळ हात फिरवा. पेट्रोल, रॉकेल, इंजिन ऑइल अजिबात नको. त्याने हे रबर फुगतं आणि सैल पडतं. तरीही नोट सरकत असेल तर खांबावरचा लॉकचा स्ट्रायकर, म्हणजे दरवाज्याचं लॉक ज्यात अडकतं ती कडी, किंचित आत घ्यावा लागतो. स्क्रू सैल करण्याआधी त्याच्याभोवती पेनने रेघ मारून ठेवा आणि एका वेळी अर्धा मिलिमीटरच हलवा. काच ज्या खाचेत सरकते त्या चॅनलमधली धूळही काढा, मोजपट्टीला ओलं फडकं गुंडाळून.

डोअर व्हायझर (खिडकीच्या वरच्या कडेला लावतात ती प्लास्टिकची पट्टी) आणि टपावरचं कॅरिअर हे आवाजाचे हमखास धनी. कॅरिअर वर्षातून दोनदाच लागत असेल तर एरवी उतरवून ठेवा.

काही भोकं मात्र बुजवायची नसतात. दरवाज्याच्या तळाची भोकं पाणी जाण्यासाठी असतात; ती बंद केलीत तर कोकणातल्या एका पावसाळ्यात दरवाजा आतून गंजायला लागेल. मागच्या बंपरच्या आत गाडीतली हवा बाहेर सोडणारी झडप असते. ती झाकली तर काचांवर वाफ धरते आणि दरवाजे लावताना कानांवर दाब येतो.

पुढची काच बदलल्यानंतर आवाज सुरू झाला असेल तर कडेने घरचं सिलिकॉन भरू नका. ती काच युरेथेन नावाच्या मजबूत गोंदाने चिकटवलेली असते आणि अपघातात तिच्यावर भिस्त असते. टेपने सापडलेली जागा तशीच खूण करून ठेवा आणि काच बसवणाऱ्यालाच दाखवा.