समन्वित वाहतूक आराखडा तयार करताना या चुका टाळा

अमेरिकेत ज्येष्ठ आणि अपंग नागरिकांच्या प्रवासासाठी वाहतूक कायद्याच्या ‘कलम ५३१०’खाली फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचा, निधी मिळतो. मात्र ज्या प्रकल्पासाठी तो मागायचा, तो स्थानिक पातळीवर तयार झालेल्या समन्वित वाहतूक आराखड्यात बसला पाहिजे, अशी अट २००५ च्या कायद्यापासून आहे. अट कागदी वाटली तरी तिचे कारण खरे आहे. प्रवासाला पैसा देणारे ६२ फेडरल कार्यक्रम २००३ च्या सरकारी पाहणीत आढळले होते, आणि त्यांतले पुष्कळसे एकमेकांशी न बोलता चालत होते. एकाच रस्त्याने दोन संस्थांच्या अर्ध्या रिकाम्या व्हॅन जातात आणि त्याच रस्त्यावरची एक आजी दवाखान्याची वेळ चुकवून घरी बसते, हे थांबवण्यासाठी हा आराखडा आहे.

सर्वांत मोठी चूक म्हणजे उपलब्ध गाड्यांच्या यादीलाच गरजांची पाहणी समजणे. आराखड्यात आजच्या सेवांचा आढावा, ज्येष्ठ व अपंगांच्या गरजा, उणिवा भरून काढण्याचे उपाय आणि त्यांचा प्राधान्यक्रम असे चार भाग लागतात. त्यांतला दुसरा भाग बहुतेक ठिकाणी ‘सेवा अपुरी आहे’ एवढ्या एका वाक्यात उरकलेला दिसतो. डायलिसिसच्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास केंद्रात बसावे लागते. सुई काढल्यावर रक्त थांबायला वीस मिनिटे जास्त लागली, तर ठरलेली परतीची गाडी निघून गेलेली असते. म्हणून ‘सोमवार, बुधवार आणि शुक्रवारी दुपारी चारनंतर काउंटीच्या हद्दीपलीकडच्या केंद्रातून परतीची सोय नाही’ असे दिवस, वेळ आणि ठिकाण घालून लिहावे. असे लिहिलेल्या उणिवेवरच नेमका उपाय सुचतो.

दुसरी चूक लोकसहभागाची. ज्येष्ठ, अपंग, सार्वजनिक, खासगी व ना-नफा वाहतूकदार, समाजसेवी संस्था आणि इतर नागरिक यांचा सहभाग बंधनकारक आहे. मी एकदा अशा बैठकीला गेले होते, जी संध्याकाळी सहाला सुरू झाली आणि त्या इमारतीपाशी येणारी शेवटची बस साडेपाचला गेलेली होती. ज्यांच्यासाठी बैठक, त्यांच्यापैकी एकच बाई आल्या होत्या, आणि त्यांनाही मुलीने आणून सोडले होते. बैठकीला येण्या-जाण्याची सोय हा आयोजनाचाच भाग मानावा. शिवाय प्रश्नावली केवळ आजच्या प्रवाशांना देऊ नये. पुण्या-नागपुराहून मुलांकडे येऊन राहिलेले, गाडी न चालवणारे आणि इंग्रजीत फोन करायला बिचकणारे आपले आई-वडील कोणत्याच संस्थेच्या यादीत नसतात. त्यांच्यापर्यंत देवळातून, मंडळातून, त्यांच्या भाषेत पोहोचावे लागते.

प्रकल्प लिहिताना फार आखडूनही चालत नाही. ‘एक व्हॅन विकत घेणे’ एवढेच लिहिले आणि पुढे खरी गरज सामाईक आरक्षण कक्षाची निघाली, तर अर्ज अडतो. प्रकल्प आराखड्यात उपाय म्हणून आला तरी चालतो, तेव्हा ‘सायंकाळची परतीची सेवा वाढवणे’ असे लिहावे आणि पैसा, वेळ व शक्यता पाहून त्याचा क्रम लावावा.

पैशांच्या बाबतीत भांडवली खर्चाला साधारणपणे ८० टक्के आणि चालू खर्चाला ५० टक्के फेडरल वाटा मिळतो. उरलेली रक्कम जमत नाही म्हणून छोट्या संस्था अर्जच करत नाहीत, याचे मला फार वाईट वाटते, कारण वाहतूक खात्याबाहेरचा काही फेडरल निधी, उदाहरणार्थ ज्येष्ठांच्या सेवांसाठीचा, स्थानिक वाटा म्हणून धरता येतो. ते आधी विचारून घ्यावे.

हवेच्या प्रदूषणाची मर्यादा ओलांडलेल्या किंवा पूर्वी ओलांडून नंतर सुधारलेल्या भागांत आराखडा निदान दर चार वर्षांनी आणि इतरत्र दर पाच वर्षांनी नवा करायचा असतो. मधल्या काळात नवे डायलिसिस केंद्र उघडले किंवा एखादी बससेवा बंद पडली आणि तुमचा प्रकल्प आराखड्यात बसत नसला, तर अर्जाच्या मुदतीची वाट न पाहता आराखडा सांभाळणाऱ्या संस्थेकडे दुरुस्ती मागावी. ही दुरुस्तीही लोकसहभागातूनच मंजूर करून घ्यावी, आणि बैठकीची सूचना, हजेरीपट व आलेल्या सूचना फायलीत जपून ठेवाव्यात.