कस्टम क्यूच्या न जुळणाऱ्या रिंगा कशा दुरुस्त करायच्या

क्यूचा, म्हणजे पूल-बिलियर्ड्सच्या काठीचा, शाफ्ट (पुढचा भाग) बटला (मागच्या, मुठीच्या भागाला) घट्ट फिरवून बसवा आणि उजेडात धरून बघा नेमकं काय जुळत नाहीये, कारण यात दोन वेगळ्या भानगडी असतात. कधी जोडाजवळच्या रिंगा दोन्हीकडे सारख्याच असतात पण त्यातल्या चांदीच्या उभ्या पट्ट्या समोरासमोर न येता जरा सरकलेल्या दिसतात, आणि कधी रिंगच वेगळी असते, म्हणजे शाफ्ट नंतर दुसऱ्याच कोणी करून दिलेला असतो.

दोन्हीत काम शाफ्टवरच करा, बटला हात लावू नका प्लीज. मूळ कारागिराचं फिनिश बटवर असतं, क्यूचा सगळा जीव तिथे असतो, शाफ्ट काय, नवीन होतो.

पट्ट्या फक्त सरकलेल्या असतील तर शाफ्टच्या तोंडावर हलकं फेसिंग मारायचं (लेथवर तोंड सपाट कातायचं), जेवढं काढाल तेवढा शाफ्ट पुढे फिरतो. 3/8-10 पिनला (दोन्ही भाग जोडणाऱ्या स्क्रूला) इंचात 10 आटे, म्हणजे एका फेऱ्याला 2.54 मिमी, म्हणजे 10 अंश फिरवायला जेमतेम 0.07 मिमी काढायचं. रिंगेत 12 पट्ट्या असतील तर दर 30 अंशांवर पुढची पट्टी येतेच, त्यामुळे काहीही झालं तरी 0.21 मिमीच्या वर जायची गरज नाही. 5/16-18 पिनला फेरा 1.41 मिमीचाच असतो, तिथे 10 अंशांना फक्त 0.04, तेव्हा अजून जपून. प्रत्येक कटनंतर तोंडावरची धूळ पुसा, नेहमीच्याच जोराने घट्ट करा आणि बघा. जास्त काढलंत तर पट्टी पुढे निघून जाते, मग पुढच्या पट्टीपर्यंत परत काढत बसा. आणि रिंग अगदी तोंडालाच असेल तर फेसिंगने तिचीच रुंदी कमी होते, तेवढं आधी बघून घ्या.

रिंगच बदलायची असेल तर काम मोठं आहे. आधी धातू ओळखा. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी अजिबात नसते, तांबं, निकेल आणि जस्त असतं, आणि ते स्टर्लिंगशेजारी (खऱ्या चांदीशेजारी) किंचित पिवळट दिसतं. जुनी पांढरी रिंग पिवळी पडली असेल तर नवी तिच्या रंगाला जुळवा, जुनी पांढरी करायच्या नादाला लागू नका.

शाफ्ट कोलेटमध्ये (लेथच्या गोल पकडीत) धरून डायल गेज लावा, आउट मारत असेल (मध्यावर न फिरता हलत असेल) तर आधी ते काढा. जुनी रिंग उपटू नका, लेथवर बारीक कट घेत टेननपर्यंत (रिंग ज्यावर बसते त्या बारीक भागापर्यंत) उतरवा. नवीन रिंग आतून खरबरीत करा, धातू अ‍ॅसिटोनने पुसा, आणि इपॉक्सी 24 तासवालं घ्या, पाच मिनिटवालं नको. इपॉक्सी ओलं असतानाच शाफ्ट बटला जोडून पट्ट्या समोरासमोर आणा (आट्यांना आधी मेण लावा, नाहीतर जॉइंटच चिकटेल!). रिंग बाहेरून अर्धा मिमी मोठी ठेवा, सुकल्यावर बटच्या मापाला उतरवा.

पॉलिश पेपरच्या वेळी घाई नको. पहिल्यांदा मी कोरडाच पेपर जोरात चालवला, तर धातूची काळी पूड शेजारच्या मेपलच्या लाकडात अशी शिरली की रिंगेच्या कडेला करडा पट्टा उमटला आणि तो शेवटपर्यंत पूर्ण गेला नाही, फार वाईट वाटलं होतं. आता आधी लाकडाला पातळ सुपर ग्लूचा हात देतो, कडेला टेप लावतो आणि पेपरमागे कडक ठोकळा धरतो, कारण नुसत्या बोटांनी घासलं तर मऊ लाकूड खाली जातं आणि धातू उंच राहतो, बोट फिरवलं की लगेच लागतो. 400, 600, 1000 असं चढत जा, मध्येमध्ये रिंगला हात लावून बघा, गरम लागली तर थांबा, उष्णतेने इपॉक्सी सुटतं. मास्क घालाच, फिनॉलिकची (जोडात वापरतात त्या कडक प्लास्टिकची) धूळ छातीला वाईट.

रिंग ज्या नळीतून कापली तिचे अजून दोन-तीन काप त्याच दिवशी काढून क्यूच्या केसमध्ये ठेवून द्या, पुढचा शाफ्ट करायची वेळ आली की तीच रिंग हाताशी असेल.