चुनखडीत सुरुंग भरताना या चुका टाळा

उष्ण, भरपूर पावसाच्या प्रदेशात चुनखडी वरून खाली सारखी झिजत नाही. मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पावसाचं पाणी सांध्यांत उतरतं आणि त्या वाटेनं दगड विरघळवत जातं. म्हणून सुरुंगासाठी पाडलेल्या एका होलला घट्ट दगड लागतो, तर तीन मीटरवरच्या दुसऱ्या होलला लाल चिकणमाती. तरीही दोन्हींत सारखीच दारू भरली जाते.

किलो मोजले, उंची मोजलीच नाही. माझ्या मते सर्वांत धोक्याची चूक हीच. 115 मिमी होलमध्ये सैल ॲनफो (अमोनियम नायट्रेट आणि डिझेलची दाणेदार दारू) मीटरला साधारण साडेआठ किलो बसतो. म्हणजे 25 किलोची पिशवी रिकामी झाली की दारू जवळजवळ तीन मीटर चढायला हवी. टेप सोडून बघा. दीडच मीटर चढली असेल, तर उरलेली कुठल्यातरी पोकळीत गेली आहे. 'भरेपर्यंत ओता' असं कुणी म्हणालं तर त्याचा हात धरा. पोकळीत साठलेली जादा दारू दगड लांबवर उडवते, आणि तो कुणाच्याही डोक्यात पडू शकतो. ओतणं तिथेच थांबवून ब्लास्टरला, म्हणजे स्फोटाची जबाबदारी असलेल्या माणसाला, बोलवा.

ड्रिलरला विचारलंच नाही. बिट अचानक खाली सटकली, हवा वर यायची थांबली, पांढऱ्या भुकटीऐवजी लाल चिखल आला: हे त्याला सगळ्यांत आधी कळतं. कितव्या मीटरला काय लागलं, ते होलच्या नंबरासह लिहून घ्या आणि तो कागद दारू भरणाऱ्याच्या हाती द्या. मातीच्या पट्ट्यासमोर दारू नको, बारीक खडी भरा. त्याच्या वर-खाली घट्ट दगडात वेगवेगळे चार्ज ठेवा, प्रत्येकाला स्वतंत्र प्रायमर (दारू पेटवणारं डेटोनेटर लावलेलं काडतूस).

बोल्डर पडले म्हणून चार्ज वाढवला. मातीच्या भेगेतून वायू निसटतो, दाब उतरतो आणि दोन भेगांमधला दगड अख्खाच सुटून येतो. दारू वाढवली तर आवाज वाढेल, बोल्डर तसेच राहतील. त्यापेक्षा होलचा व्यास कमी करून बर्डन (होलपासून समोरच्या मोकळ्या कड्यापर्यंतचं अंतर) आणि स्पेसिंग (रांगेतल्या दोन होलमधलं अंतर) जवळ घ्या.

ओल्या होलात ॲनफो. त्यातलं अमोनियम नायट्रेट पाण्यात विरघळतं. तिथे इमल्शनसारखी पाण्यात टिकणारी दारू हवी. स्फोटानंतर नारिंगी धूर दिसला तर तो विषारी आहे, विरेपर्यंत कुणाला जवळ जाऊ देऊ नका.

धूर गेला, ब्लास्टरनं जागा तपासून मोकळी केली, की सुरक्षित अंतरावरून नव्या फेसचा, म्हणजे स्फोटानं उघड्या पडलेल्या कड्याचा, फोटो घ्या. लाल पट्टे आणि खळगे कुठे आहेत ते नकाशावर मांडा. खळग्यासमोर बर्डन कमी भरतं, म्हणून पुढच्या रांगेतले तिथले होल मागे सरकवा.