हनीक्रिस्प सफरचंद: या चुका टाळा

हनीक्रिस्पचा घास कर्रकन तुटतो तो त्याच्या मोठ्या पेशींमुळे. दात लागला की या पेशी एकमेकींपासून नुसत्या सुटत नाहीत, त्या फुटतात आणि रस तोंडात येतो. मिनेसोटा विद्यापीठाने १९९१ साली हा वाण बाजारात आणला. खाणारे त्यावर खूश असतात, पिकवणाऱ्यांना मात्र तो घाम फोडतो. इतर सफरचंदांना चालणारी कामाची पद्धत याला चालत नाही.

सगळ्यात महाग पडणारी चूक खतात होते. झाड वाढत नाही म्हणून नत्र (नायट्रोजन) वाढवलं जातं, फांद्या जोमाने फुटतात, फळंही मोठी होतात आणि साल तपकिरी, खोलगट ठिपक्यांनी भरते. ठिपक्याखालचा गर कोरडा, बुचासारखा आणि कडवट लागतो. हे ठिपके बहुधा फळाच्या देठाविरुद्धच्या टोकाकडून सुरू होतात. कीड किंवा बुरशी समजून औषध मारलं तर पैसे वाया जातात, कारण दोष फळातल्या कमी कॅल्शियमचा आहे. जमिनीत चुना भरपूर असला तरी उपयोग होईलच असं नाही. कॅल्शियम पाण्याबरोबर वर चढतं आणि जोमदार पानं त्यातला मोठा वाटा ओढून घेतात. पालाश (पोटॅश) जास्त झालं तरी तेच. म्हणून नत्र-पालाश बेताने द्या, पाण्याच्या पाळ्या चुकवू नका आणि पाकळ्या गळल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी कॅल्शियम क्लोराइडची फवारणी सुरू करा. प्रमाण लिटरला २ ते ३ ग्रॅम, अंतर १० ते १४ दिवस, काढणीपर्यंत. पानावर पडलेलं कॅल्शियम फळात जात नाही, त्यामुळे फळच भिजलं पाहिजे. कडक उन्हात फवारलंत तर पानं करपतील.

उन्हाळ्यात पानांवर पिवळे पट्टे दिसले तर घाबरू नका. फळं कमी असलेल्या झाडाच्या पानांत पिष्ट साठून राहतं, त्याचा हा परिणाम. रोग नाही, फवारणीने जातही नाही.

दुसरी चूक विरळणी, म्हणजे जादा कोवळी फळं तोडणं, उशिरा करण्याची. यंदा फांद्या वाकल्या आणि पुढच्या वर्षी मोहोरच नाही, ही या वाणाची नेहमीची तक्रार. कोवळ्या फळांतल्या बियांमधून निघणारी संप्रेरकं पुढच्या वर्षीची फुलकळी रोखतात. म्हणून मोहोरानंतर महिनाभरात एका झुपक्यात एकच फळ ठेवा, दोन फळांत १५ ते २० सेंटिमीटर अंतर सोडा. त्यानंतर तोडलंत तर उरलेली फळं थोडी मोठी होतील, फुलकळी मात्र परत येणार नाही. उलट फार विरळ केलंत तर फळं अवाढव्य होतात आणि कडू ठिपके पुन्हा हजर.

काढणी लाल रंग बघून करू नका. लालीखालचा हिरवा रंग पिवळसर झाला की फळ तयार. सगळी फळं एकदम पिकत नाहीत, दोन-तीन तोडण्या लागतात. साल पातळ असल्याने लांब देठ शेजारच्या फळात घुसतो. तो कात्रीने आखूड करा.

आणि तोडलेली फळं थेट शीतगृहाच्या थंडीत टाकू नका. सालीवर रिबिनीसारखे गुळगुळीत तपकिरी पट्टे उठतात, आतला गर ओलसर तपकिरी होतो. आधी ५ ते ७ दिवस १० अंशांवर, मग ३ अंश सेल्सिअसवर ठेवा. मात्र बागेत कडू ठिपके खूप असतील तर हे उबदार दिवस कमी करा, त्या दिवसांत ठिपके वाढतात.

दुकानातून आणलेली फळं सरळ फ्रिजमध्ये चालतात, फक्त पार मागच्या गोठणाऱ्या कोपऱ्यात नको. पिशवी बंद ठेवा आणि गाजरं शेजारी ठेवू नका. सफरचंदातून निघणाऱ्या इथिलीन वायूने ती कडू होतात.